फलाटावरची पंगत : पुणे-मुंबई लोहमार्गावर कोणी, कुठे आणि कोणाच्या हातचे खाल्ले?

१/
पुण्याच्या मार्केट यार्डात रोज पहाटे बटाट्याची पोती उतरतात. शेजारच्या भुसार बाजारात हरभरा डाळ, शेंगदाणे आणि गुळाच्या ढेपांचा व्यवहार चालतो. रेल्वेच्या वाटेवरचा खाऊ म्हणून महाराष्ट्राला जे परिचित आहे, ते बहुतांशी याच जिनसांतून घडते. बटाटा आणि बेसन यांचा कर्जतचा वडा, गूळ आणि शेंगदाणा यांची लोणावळ्याची चिक्की.

२/
हा खाऊ नेमका याच स्थानकांवर का रुजला, हा एक प्रश्न. स्थानकावर मेजाशी बसून खाण्याचा, निदान घोटभर पाणी मागण्याचा अधिकार कोणाला होता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सह्याद्रीने दिले. दुसऱ्याचे समाजाने दिले, आणि ते कायद्यात बदलायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

३/
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा मार्ग खुला झाला. मध्ये बोरघाट उभा होता. मुंबईची गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला थांबे, पुण्याची गाडी खंडाळ्याहून निघे. मधला चढ प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून किंवा पायी काढायचा. रेल्वेच्या प्रवासात सक्तीचा मुक्काम आला तो असा.

४/
१८६३ साली घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला. सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण, आणि सर्वांत तीव्र जागी ३७ फुटांमागे १ फूट चढ. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर या कामावर होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले असंख्य दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आल्याबरोबर मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्या नावावर चालवून काम तडीस नेले.

५/
या चढाने कर्जतचे भाग्य ठरवले. एकट्या इंजिनाला घाट चढवेना, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागली. त्यांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. उतरतीच्या गाड्यांना घाटमाथ्यावर ब्रेक तपासणीसाठी थांबणे भाग होते. इंजिन जोडण्यास लागणारी ती काही मिनिटे हाच फेरीवाल्याचा बाजार ठरला. विसाव्या शतकात कर्जतच्या दिवाडकरांचा वडा घरोघरी माहीत झाला, त्यामागे हातच्या चवीइतकाच घाटाचा चढही आहे.

६/
रेल्वे कंपनीच्या मनातली खानपानाची कल्पना मात्र वेगळी होती. जुन्या डब्यांना एकमेकांत जाण्याची वाट नव्हती. डायनिंग कार येण्यापूर्वी साहेबाला जेवणासाठी फलाटावर उतरावेच लागे. त्याच्यासाठी मोठ्या स्थानकांवर ‘रिफ्रेशमेंट रूम’ निघाल्या. ईस्ट इंडियन रेल्वेवर केलनर, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर ब्रँडन, अशा कंपन्या त्या चालवीत. पांढरी चादर, सूप, भाजलेली कोंबडी, कस्टर्ड असा तो थाट.

७/
काही कंपन्या याच्याही पुढे गेल्या आणि त्यांनी हॉटेलेच बांधली. बंगाल-नागपूर रेल्वेचे पुरी येथील हॉटेल १९२५ सालचे. पुणे स्थानकाची आजची इमारतही त्याच वर्षीची. गाडीतून उतरावे, हमालाने सामान न्यावे आणि लगोलग टेबल मांडलेले मिळावे, हे सुख त्या काळी मोजक्या तिकिटांवरच मिळत होते.

८/
बाकीचा महाराष्ट्र शिदोरी घेऊन निघे. दशम्या, भाकरी, कोरडी चटणी, लोणचे आणि पाण्याचा तांब्या. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर जातीनिहाय जागा नव्हत्या. ज्याने तिकीट काढले तो शेजारी येऊन बसे. गावात ज्याची सावलीही टाळली जाई, त्याच्या खांद्याला खांदा लावून माणसे बसली. फडके सोडून जेवायची वेळ आली, की तोंडे मात्र वेगवेगळ्या दिशांना वळत. बाक एक झाला, पंगत झाली नाही.

९/
रेल्वेने हा भेद मोडला नाही. त्याला पाटी दिली. हिंदूंचे उपाहारगृह वेगळे, मुसलमानांचे वेगळे, युरोपियनांचे वेगळे. फलाटावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे पुकारे होत. सवर्ण हिंदू प्रवाशांना चालावे म्हणून पाणी वाढायला बहुधा ब्राह्मण नेमला जाई. या व्यवस्थेत अस्पृश्य मानलेल्या माणसासाठी कोणतीच पाटी नव्हती.

१०/
खाण्यापिण्याचा हा धाक किती खोल होता, हे पुण्याने १८९० साली पाहिले. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात शहरातील अनेक प्रतिष्ठितांपुढे चहा ठेवला गेला. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे त्यांत होते. नावे छापून आली आणि गहजब झाला. ग्रामण्य उभे राहिले, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, आणि रानड्यांसारख्या न्यायाधीशालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुण्याला रेल्वे येऊन तेव्हा ३२ वर्षे झाली होती.

११/
याच काळात पुण्याहून साताऱ्याच्या बाजूने मिरजेकडे लोहमार्ग गेला. १९०१ च्या सुमारास त्या मार्गावर काही मुलांनी आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास केला. त्यांचे नेतृत्व थोरल्या भावाकडे होते, आणि दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर त्यांत होता. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे होते. नवे कपडे, जरीच्या टोप्या, सोबत भरपूर खाद्यपदार्थ.

१२/
‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रवास सांगितला आहे. तिकिटे काढल्यावर भावाने मुलांना प्रत्येकी दोन आणे खर्चायला दिले. मुलांनी लगेच लेमोनेडच्या बाटल्या घेतल्या. स्थानकावर नाणे दिले आणि बाटली मिळाली, कोणी काही विचारले नाही. रेल्वेने आणलेल्या नव्या जगाचा हा एक खरा, सुखाचा क्षण होता.

१३/
संध्याकाळी मसूर स्थानक आले. वडिलांना पत्र पोहोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. चांगल्या कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. त्याने आस्थेने चौकशी केली. मुलाने ‘महार’ असे सांगताच त्याचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले. बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर.

१४/
वाटेत कोठेही त्यांना पिण्याजोगे पाणी मिळाले नाही. रात्री जकात नाक्यावर भीमरावाने उर्दूत बोलून, मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागून पाहिले. तेथेही नकार आला. टोपलीत जेवण भरपूर होते, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरणार कसे? मुले उपाशी झोपली. सकाळी दोन आण्यांत लेमोनेड मिळाले होते. रात्री दुप्पट भाडे मोजूनही पाण्याचा थेंब मिळाला नाही.

१५/
तिसऱ्या वर्गाचे हाल जातीपुरते नव्हते. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबईहून मद्रासपर्यंत याच घाटातून तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्यावर पत्र लिहून प्रसिद्ध केले. २२ जणांच्या डब्यात पुण्यापर्यंत गर्दी आटोक्यात राहिली, ती धीट प्रवाशांनी इतरांना दारातच अडवल्यामुळे. स्थानकांवरचा चहा आणि माशा बसलेली मिठाई यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही अंगावर काटा आणते. त्यांचा हिशेब साधा होता : पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक, पण तिसऱ्याला सोयींचा पाचवा हिस्सा तरी मिळतो का?

१६/
१ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, आरंभी कल्याण ते पुणे. आमलेट, चीज टोस्ट आणि टेबलाशी बसून खाण्याची डायनिंग कार यांमुळे ती पुढे पिढ्यांच्या आठवणींत गेली. आरंभी मात्र तिला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते १९५५ साली. पहिली २५ वर्षे या मार्गावरचा बहुसंख्य प्रवासी ती गाडी फलाटावरून पाहत राहिला.

१७/
दरम्यान २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात नागरिकांना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोठे अडवता येणार नाही, याची यादी आहे. तीत दुकाने आहेत, सार्वजनिक उपाहारगृहे आहेत, हॉटेले आहेत, आणि सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्तेही आहेत. मूलभूत हक्कांच्या भव्य भाषेत हॉटेल आणि विहीर हे रोजचे शब्द कशाला, असे कोणाला वाटेल. मसुदा समितीचे अध्यक्ष मसूरच्या स्थानकावर उतरलेला तो मुलगा होता.

१८/
आज डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये जागा मिळाली, तर कोणीही कोणाच्याही शेजारी बसतो. घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला अजून मागून इंजिने जोडतात, आणि तेवढ्या वेळात वड्याचे पुडे खिडकीतून आत येतात. देणारा कोण, घेणारा कोण, हे विचारायला तेथे सवड नसते. मुंबईकडच्या एखाद्या प्रवासात तो वडा हाती आला, तर त्याच्यासोबत पाण्याची बाटलीही सहज मिळते, एवढे ध्यानात असावे. १९०१ साली पुण्याच्या दक्षिणेला काही तासांवर ती सहज मिळत नव्हती.