कमिट कोणी म्हणायचं?

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल, पण तुमच्या खात्यातून पैसे एकदाच कापले जातात यामागे तो आहे. जुन्या मेनफ्रेमला नवे ॲप्लिकेशन सर्व्हर जोडले कसे?

8 जुलै 1969. माणूस चंद्रावर उतरायच्या बारा दिवस आधी आयबीएमने सीआयसीएस बाजारात आणलं. मूळ गरज वीज-गॅस कंपन्यांची होती: ग्राहकाचा फोन आला की कारकुनाला खातं लगेच समोर दिसायला हवं. 1974 मध्ये हे काम इंग्लंडमधल्या हर्सलीला गेलं. तिकडे त्याला ‘किक्स’ म्हणतात. पुढे बँका आल्या, विमा कंपन्या आल्या, कोबोलचे ढीग साचले.

मग नव्वदच्या दशकात वेब आलं. तो कोबोल नव्याने लिहायची कुणाची छाती होईना. पहिला जुगाड म्हणजे स्क्रीन स्क्रॅपिंग. 3270 टर्मिनलच्या 24 ओळी, 80 रकाने. प्रोग्रामने कारकुनाचं सोंग घ्यायचं आणि ठरलेल्या जागेवरचा आकडा उचलायचा. मेनफ्रेमवाल्यांनी एक रकाना सरकवला की वेबसाइट झोपली! पण खरी भीती वेगळीच होती. उत्तरच आलं नाही तर? पैसे गेले की नाही? कारकून उठून चौकशी करेल. प्रोग्राम पुन्हा पाठवेल, आणि दोनदा कापेल.

डेटाचीही गंमत ऐका. ‘ए’ हे अक्षर आस्कीमध्ये 65, मेनफ्रेमच्या एब्सिडिकमध्ये 193. ठीक, तक्ता लावून बदलू. पण कोबोलमध्ये रकमा बऱ्याचदा पॅक्ड डेसिमल असतात: एका बाइटमध्ये दोन अंक, शेवटच्या अर्ध्यात चिन्ह. अख्खं रेकॉर्ड त्याच तक्त्यातून काढलं की नावं अगदी बरोबर येतात आणि रकमांचा चिवडा होतो. नावं बरोबर दिसतात म्हणून टेस्टिंगमध्ये हे निसटू शकतं, हा त्यातला वाईट भाग.

कमिटचा प्रश्न मात्र दुसऱ्या घराण्याने नीट हाताळला. एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये 1983 पासून युनिक्ससाठी टक्सिडो बनत होतं. एक्स/ओपनचं एक्सए हे प्रमाण 1991 मध्ये आलं, त्यात टक्सिडोच्या अनुभवाचा मोठा वाटा. मुळाशी टू-फेज कमिट. लग्नाचंच बघा ना. भटजी आधी दोन्ही बाजूंना विचारतात, तयार? दोघं हो म्हणाले की अंतरपाट दूर, मग माघार नाही. पण ‘हो’ नंतर भटजीच चक्कर येऊन पडले तर? सगळे हातात हार धरून उभे! डेटाबेसमध्ये यालाच इन-डाउट म्हणतात. तेवढा वेळ त्या रेकॉर्डवर कुलूप.

1995 मध्ये स्थापन झालेल्या बीईएने पुढच्याच वर्षी नॉव्हेलकडून टक्सिडो घेतलं आणि 1998 मध्ये वेबलॉजिक. जुनं-नवं एका छपराखाली, मग मध्ये कनेक्टर. बाकीच्यांसाठी 2001 च्या जे2ईई 1.3 मध्ये जेसीए आलं. त्याआधी प्रत्येक सर्व्हरसाठी, प्रत्येक जुन्या सिस्टिमसाठी वेगळा सांधा लागायचा. आता एकच अडॅप्टर, आणि सर्व्हरशी तीन करार: कनेक्शन, सुरक्षा, ट्रान्झॅक्शन.

मला यातली एक पळवाट फार महत्त्वाची वाटते. अडॅप्टरने स्वतःच जाहीर करायचं होतं की त्याला ट्रान्झॅक्शन अजिबात जमत नाही, फक्त स्थानिक जमतं, की पूर्ण एक्सए जमतं. तिन्ही प्रकार ‘जेसीए’च! बॉक्सवर नाव तेच, हमी वेगळी. त्यामुळे ra.xml मधली ती एक ओळ कुणीतरी उघडून वाचणं भाग होतं.

आता आपण सगळे रेस्टवर आलो. साध्या एचटीटीपी कॉलसोबत कमिटचा करार जात नाही. टाइमआउट झाला की तोच 3270 वाला प्रश्न: गेले की नाही? म्हणून हल्ली प्रत्येक पेमेंट रिक्वेस्टला वेगळा क्रमांक देतात, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर समोरच्याने पैसे न कापता आधीचंच उत्तर द्यायचं असतं.