करणाधिपाची टीका

वऱ्हाडात जुनं दगडी देऊळ दिसलं की ‘हेमाडपंती’ म्हणून आपण मोकळे होतो. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या देवळाचा शिलालेख मात्र शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा आहे. हेमाद्री ज्याचा करणाधिप होता, तो महादेवराय यादव गादीवर आला १२६१ च्या सुमारास! देवळं, मोडी, बाजरी, सारं लोकांनी हेमाडपंताच्या नावावर चढवलं. त्याने लिहिलेलं मात्र फारसं कुणी उघडत नाही.

तफसीर असो की टीका, मला नेहमी एक कुतूहल असतं. भाष्य करणारा पोटापाण्यासाठी काय करत होता? करणाधिप म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. हेमाद्रीने हे काम महादेवाकडे केलं, पुढे रामचंद्राकडेही. त्याचा आश्रित बोपदेव हा वरदेकाठचा, म्हणजे आपल्या वऱ्हाडचाच मानला जातो. त्याने ‘मुक्ताफल’ ग्रंथात भागवताचे श्लोक कथेच्या ओघातून उचलून विषयवार लावले. त्यावरची ‘कैवल्यदीपिका’ ही टीका हेमाद्रीच्या नावावर आहे. कागद ज्याच्या त्याच्या रुमालात बांधायची दप्तरी सवयच ही. पण या वर्गवारीतून भलतंच काही हाती लागतं. भक्ती नवरसांतून अनुभवायची, त्यात भयानकही आला नि हास्यही. शास्त्राने सांगितलेली भक्ती एका बाजूला, न सांगितलेली दुसऱ्या बाजूला. आणि या दुसरीत गोपींच्या प्रेमाशेजारी कंसाचं भय आणि शिशुपालाचा द्वेष! कवी म्हणून मला हे फार आवडतं.

पण राजाचं काय? इथे मला दूरचा एक मंत्री आठवतो. इसहाक अबरबानेल, जन्म लिस्बन, १४३७. हा यहुदी पंडित पोर्तुगालच्या राजाचा खजिना सांभाळायचा. पुढच्या राजाने कटाचा आरोप ठेवला आणि १४८३ मध्ये तो स्पेनकडे पळाला. घरदार, ग्रंथ, सारं मागे राहिलं. तिथे लगेच तो बायबलवर भाष्य लिहायला बसला. त्याची रीत अशी, की आधी प्रश्नांची रांग लावायची, मग उलगडा करायचा. शमुवेलच्या ग्रंथात लोक संदेष्ट्याकडे राजा मागतात. अबरबानेल विचारतो, राजा हवाच कशाला? व्हेनिस, फ्लॉरेन्स राजावाचून चालतातच की! पुढे तो स्पेनच्या राजाराणीच्या चाकरीत शिरला खरा, पण १४९२ मध्ये सगळ्याच यहुद्यांना तो देश सोडावा लागला. १५०८ मध्ये तो व्हेनिसलाच वारला.

हेमाद्रीने लिहिलं ते अधिकारपदावर असताना. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतं आहेत, दानं आहेत, आणि व्रतखंडाच्या आरंभी आहे यादवांची राजप्रशस्ती. धर्मग्रंथाच्या उंबरठ्यावरच धन्याची वंशावळ! गंमत अशी, की डॉ. रा. गो. भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनचा इतिहास लिहिला, तेव्हा यादवांची पिढी लावायला हीच प्रशस्ती कामी आली.