सैराट (चित्रपटसंगीत)

'सैराट' हा याच नावाच्या मराठी चित्रपटातील गीतांचा संग्रह (अल्बम) असून तो २०१६ मध्ये प्रकाशित झाला. त्याचे संगीत अजय-अतुल या संगीतकार बंधूंचे आहे. गीते अजय-अतुल व चित्रपटाचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी लिहिली आहेत. संग्रहात केवळ चार गाणी असून त्यांचा एकूण कालावधी सुमारे वीस मिनिटे आहे. किशोरवयीन प्रेमाचे चित्रण करणारी ही गाणी चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच लोकप्रिय झाली आणि पुढे महाराष्ट्राबाहेर, मराठी न समजणाऱ्या श्रोत्यांपर्यंतही पोहोचली. चित्रपटाचा शेवट जातीय प्रतिष्ठेपोटी होणाऱ्या हत्येत होतो. त्यामुळे या गाण्यांचा उल्लास आणि कथेचा आशय यांतील संबंध हा चर्चेचा विषय राहिला आहे.

नावाचा अर्थ

'सैराट' या शब्दाचा अर्थ स्वैर, मोकाट, लगाम नसलेला असा आहे. उधळलेल्या जनावराच्या धावण्यासाठी किंवा कोणाचे न ऐकणाऱ्या माणसासाठी तो ग्रामीण बोलींत वापरला जातो. चित्रपटापूर्वी शहरी मराठीत हा शब्द फारसा प्रचलित नव्हता. चित्रपटानंतर तो वृत्तपत्रांच्या मथळ्यांत सर्रास दिसू लागला. आंतरजातीय विवाहातून झालेल्या हिंसेच्या बातम्यांना 'सैराट'ची उपमा देण्याची पद्धतही त्यानंतर रूढ झाली. स्वैर आनंदाचा वाचक असलेला शब्द काही वर्षांतच खुनाच्या बातम्यांशी जोडला गेला, हा या शब्दाच्या अर्थप्रवासातील लक्षणीय बदल आहे.

पार्श्वभूमी

नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर येथील आहेत. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध आहे. 'पिस्तुल्या' हा लघुपट आणि 'फँड्री' हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट यांनंतर त्यांनी 'सैराट' दिग्दर्शित केला. सधन व राजकीय वजन असलेल्या पाटील घराण्यातील अर्चना (आर्ची) आणि मच्छीमार कुटुंबातील प्रशांत (परश्या) यांच्या प्रेमाची ही कथा आहे. रिंकू राजगुरू व आकाश ठोसर या दोन्ही प्रमुख कलावंतांचा हा पहिलाच चित्रपट होता. चित्रीकरणाच्या वेळी राजगुरू शाळेत शिकत होत्या. या भूमिकेसाठी त्यांना ६३व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, किशोरवयीन प्रेक्षकांसाठीच्या विभागात, चित्रपट दाखवला गेला आणि २९ एप्रिल २०१६ रोजी तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला.

अजय व अतुल गोगावले यांनी तत्पूर्वी 'अगं बाई अरेच्चा!', 'जत्रा', 'जोगवा' व 'नटरंग' या चित्रपटांच्या संगीताने नाव मिळवले होते. 'जोगवा'साठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोंधळ, लावणी, जोगवा यांसारख्या लोकसंगीत प्रकारांना भव्य वाद्यवृंदाची जोड देणे हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य मानले जाते. 'सैराट'मध्ये या दोन्ही प्रवृत्ती एकत्र आल्या.

मराठीत तरुण श्रोत्यांसाठी स्वतंत्र गीतसंग्रहाची परंपरा मर्यादित आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे व सौमित्र यांचा 'गारवा' हा संग्रह महाविद्यालयीन तरुणांत गाजला होता. त्याची लोकप्रियता मुख्यतः ध्वनिफितींवर उभी होती. 'सैराट'च्या काळापर्यंत ध्वनिफीत मागे पडली होती आणि सीडीही मागे पडत होती. यूट्यूब, भ्रमणध्वनीतील मेमरी कार्ड आणि मिरवणुकीतील डीजे हीच प्रसाराची प्रमुख साधने झाली होती.

ध्वनिमुद्रण

संग्रहातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग अमेरिकेत, हॉलिवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेज या ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित करण्यात आला. भारतीय चित्रपटासाठी तेथे अशा प्रकारे सिम्फनी वाद्यवृंद मुद्रित होण्याची ही पहिलीच वेळ असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. व्हायोलिन कुलातील तंतुवाद्ये, सुषिर वाद्ये, पितळी वाद्ये व हार्प यांचा त्यात समावेश होता. नवोदित कलावंतांच्या, ग्रामीण बोलीतील मराठी चित्रपटासाठी असा खर्च करणे हा त्या काळी अपवादात्मक निर्णय होता. गाण्यांचे हक्क झी म्युझिक कंपनीकडे आहेत.

गाणी

१. याड लागलं – गायक: अजय गोगावले
२. आताच बया का बावरलं – गायिका: श्रेया घोषाल
३. सैराट झालं जी – गायक: चिन्मयी श्रीपाद, अजय गोगावले
४. झिंगाट – गायक: अजय-अतुल

'याड लागलं' हे परश्याच्या एकतर्फी ओढीचे गीत आहे. 'याड' हे 'वेड' या शब्दाचे बोलीरूप होय. व्हायोलिनसमूहाच्या विस्तृत स्वरावलींवर अजय गोगावले यांचा उंच पट्टीतील आवाज येतो. नदीकाठच्या वस्तीतील मुलाच्या मनःस्थितीला एवढा भव्य स्वरपट देण्यात संगीतकारांची भूमिका दिसते. ज्या वर्गातील माणसाचे प्रेम पडद्यावर सहसा विनोदासाठी वापरले जाते, त्याचे प्रेम येथे पूर्ण गांभीर्याने घेतले आहे.

'आताच बया का बावरलं' हे आर्चीच्या मनातील बदलाचे गीत आहे. 'बया' हा स्त्रियांच्या बोलण्यातील उद्गार थेट गीताच्या नावात आला आहे. बुलेट व ट्रॅक्टर चालवणारी, कोणालाही न घाबरणारी ही मुलगी प्रथमच स्वतःच्या भावनेपुढे गोंधळते. गायिका श्रेया घोषाल यांनी याआधी 'जोगवा'मध्ये अजय-अतुल यांच्याकडे गायलेल्या गीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला होता.

'सैराट झालं जी' हे युगुलगीत असून त्यात परस्परांनी स्वीकारलेले प्रेम व्यक्त होते. शीर्षकातील 'जी' हे अक्षर शाहिरी व तमाशाच्या परंपरेतील झिलकऱ्यांच्या 'जी जी'ची आठवण करून देते. गायिका चिन्मयी श्रीपाद या प्रामुख्याने तमिळ चित्रपटांतील पार्श्वगायनासाठी ओळखल्या जातात.

'झिंगाट' हे संग्रहातील सर्वांत लहान व सर्वाधिक गाजलेले गीत आहे. अन्य तीन गीतांतील सिम्फनी वाद्यवृंदाची जागा येथे गावच्या मिरवणुकीतील ठेक्याची आठवण देणाऱ्या द्रुत तालाने घेतली आहे. चित्रपटात हे गीत आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाच्या समारंभात येते. त्याच रात्री दोघांचे प्रेमसंबंध तिच्या कुटुंबीयांसमोर उघड होतात. कथेतील सर्वांत मोठ्या जल्लोषाला लागूनच संकटाची सुरुवात होते.

चित्रपटातील स्थान

चित्रपटाची लांबी १७४ मिनिटे आहे. चारही गाणी त्याच्या पहिल्या भागात संपतात. पळून गेलेले आर्ची व परश्या हैदराबादला पोहोचल्यानंतर झोपडपट्टीतील वास्तव्य, रोजगाराचा शोध, संशय व भांडणे यांचे चित्रण गीतांशिवाय होते. अखेरच्या दृश्यात तर ध्वनीच काढून टाकला आहे. आईवडिलांच्या मृतदेहांपासून रक्ताळलेल्या पावलांनी बाहेर चालत येणारे मूल प्रेक्षक पूर्ण शांततेत पाहतो.

ही मांडणी सहेतुक असल्याचे अभ्यासक मानतात. पहिल्या भागात संगीत प्रेक्षकाला प्रेमपटाच्या ओळखीच्या जगात नेते आणि गाणी थांबताच ते जग संपते. म्हणूनच या चित्रपटात गीतांच्या उपस्थितीइतकेच त्यांच्या अनुपस्थितीला महत्त्व आहे. संग्रह स्वतंत्रपणे ऐकणाऱ्या श्रोत्याला मात्र कथेचा केवळ पूर्वार्धच ऐकायला मिळतो.

भाषा

गीतांची भाषा सोलापूर परिसरातील ग्रामीण मराठीला जवळची आहे. भावगीताच्या परंपरेत प्रेमाची भाषा बहुधा प्रमाण व संस्कृतप्रचुर राहिली. ग्रामीण बोली आली, तरी ती लावणी किंवा विनोदी गीतापुरती आली. 'सैराट'मध्ये तीच बोली कोवळ्या, गंभीर भावनेसाठी वापरली गेली. 'याड', 'बया', 'झिंगाट' हे शब्द शहरांतील शाळा-महाविद्यालयांतील मुलेही सहज उच्चारू लागली. बोलीतील शब्द वापरल्यास 'अशुद्ध' म्हणून हिणवले जाण्याचा अनुभव असलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता.

प्रतिसाद

चित्रपटाने १०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळवले. मराठी चित्रपटाने हा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती. 'झिंगाट' सुरू होताच प्रेक्षक पडद्यासमोर जाऊन नाचू लागल्याच्या बातम्या राज्याच्या अनेक भागांतून आल्या. फिल्मफेअर मराठी पुरस्कारांत संगीताचा पुरस्कार अजय-अतुल यांना मिळाला.

टीकाही झाली. शाळकरी वयातील प्रेम आणि पळून जाणे यांचे उदात्तीकरण चित्रपट व गाणी करतात, असा आक्षेप काही पालक व राजकीय नेत्यांनी घेतला. कथेतील जातींच्या चित्रणावरूनही समाजमाध्यमांत वाद झाले. दुसऱ्या बाजूने, गाण्यांच्या जल्लोषात चित्रपटाचा जातिविरोधी आशय हरवला, अशी खंतही व्यक्त झाली. आंतरजातीय विवाहाला विरोध करणाऱ्या घरांतील लग्नांतही 'झिंगाट' वाजते, ही विसंगती या चर्चेत वारंवार नोंदवली गेली.

या चर्चेला प्रत्यक्ष घटनांची पार्श्वभूमी होती. एप्रिल २०१४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील खर्डा येथे प्रेमसंबंधाच्या संशयावरून एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली होती. या खटल्यातील आरोपींची नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'शक्ती वाहिनी' प्रकरणात, सज्ञान व्यक्तींना जोडीदार निवडण्याचा मूलभूत अधिकार आहे असे सांगून, अशा हिंसेला आळा घालण्यासाठी राज्यांना निर्देश दिले.

झाडीपट्टीतील संदर्भ

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतील झाडीपट्टीची झाडीबोली सोलापूरच्या बोलीपासून बरीच वेगळी आहे. गाण्यांची लोकप्रियता मात्र बोलींच्या सीमांत अडली नाही. या प्रदेशात गाणे पसरण्याची स्वतःची व्यवस्था आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र असून अनेक नाट्यमंडळांची कार्यालये तेथे आहेत. साधारणतः दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर चालणारे नाट्यप्रयोग होतात. शंकरपट व मंडई यांच्या निमित्ताने ते विशेषत्वाने आयोजित केले जातात. ऑर्गन, तबला, ढोलकी व ऑक्टोपॅड यांची साथ प्रत्यक्ष रंगमंचालगत असते. प्रवेशांच्या दरम्यान त्या त्या काळातील गाजलेल्या चित्रपटगीतांवर नृत्ये सादर करण्याची प्रथा आहे. चित्रपटगृहे विरळ असलेल्या या भागात गाण्याला असा दुसरा रंगमंच मिळतो.

झाडीपट्टीच्या नाटकांत कौटुंबिक व सामाजिक प्रश्न, हुंडा, व्यसन आणि विजोड प्रेम हे विषय नेहमीचे आहेत. करुण प्रसंगाला लागून नृत्य येणे येथील प्रेक्षकाला विचित्र वाटत नाही. मात्र तेथे गाणे कथेपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते, तर 'सैराट'मध्ये ते कथेचाच भाग आहे.

अन्य भाषांतील रूपे

चित्रपटाची कन्नड ('मनसु मल्लिगे', २०१७), पंजाबी ('चन्ना मेरेया', २०१७), उडिया ('लैला ओ लैला', २०१७) व बंगाली ('नूर जहाँ', २०१८) या भाषांत पुनर्निर्मिती झाली. 'मनसु मल्लिगे'मध्ये रिंकू राजगुरू यांनीच नायिकेची भूमिका केली आणि मूळ चाली कायम राहिल्या. हिंदी 'धडक' २० जुलै २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यातही संगीत अजय-अतुल यांचे होते. 'झिंगाट' हिंदी शब्दांसह घेण्यात आले, तर 'याड लागलं'ची चाल 'पहली बार' या गीतासाठी वापरली गेली. हिंदी गीते अमिताभ भट्टाचार्य यांनी लिहिली. कथा राजस्थानातील उदयपूर येथे नेताना जातीचा प्रश्न सौम्य केल्याची टीका 'धडक'वर झाली. चाल प्रदेशांतर करू शकते, परंतु तिच्यामागील सामाजिक ताण आपोआप सोबत जात नाही, हे या निमित्ताने दिसून आले.

उत्तरकालीन मूल्यमापन

२१ मार्च २०२५ रोजी 'सैराट' पुन्हा चित्रपटगृहांत प्रदर्शित करण्यात आला. २०१६ मध्ये शाळेत असलेले प्रेक्षक आता विशी-पंचविशीत होते. विवाहाचा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांच्या स्वतःच्या घरात उपस्थित होण्याचे हे वय. पहिल्यांदा ऐकताना जी गाणी केवळ नाचण्याची वाटली, ती शेवट ठाऊक असताना वेगळी ऐकू येतात. 'झिंगाट'चा जल्लोष हा वादळापूर्वीचा क्षण आहे, हे जाणत्या श्रोत्याला विसरता येत नाही.

संगीताच्या दृष्टीने या संग्रहाने ग्रामीण बोली व सिम्फनी वाद्यवृंद यांचा मेळ घडवला आणि मराठी गीताला मराठी न जाणणारा श्रोता मिळवून दिला. सामाजिक दृष्टीने त्याचा परिणाम दुहेरी आहे. गाणी सर्व जातींच्या मांडवांत पोहोचली. ज्या विवाहासाठी चित्रपटातील दोघांनी प्राण गमावले, त्या विवाहाला मात्र यांपैकी अनेक मांडवांत अद्याप स्थान नाही.

हेही पाहा

अजय-अतुल
नागराज मंजुळे
फँड्री
झाडीपट्टी रंगभूमी
आंतरजातीय विवाह