सस्पेन्शन, स्पोर्ट मोटारसायकलचे : रस्त्यासाठी मऊ करणे

ब्रेक दाबताना आणि वळण घेताना डगमगू नये म्हणून कडक बांधलेल्या स्पोर्ट मोटारसायकलची स्प्रिंग, तेलाचा रोध आणि उंची रोजच्या रस्त्याला व स्वाराच्या वजनाला जुळवून घेण्याची क्रिया. गॅरेजमध्ये हिला ‘शॉकअप सॉफ्ट करणे’ म्हणतात. सस्पेन्शनला ‘निलंबन’ असा पारिभाषिक शब्द आहे. पण निलंबन म्हटले की मराठी वाचकाला आधी चौकशी चालू असलेला कर्मचारी आठवतो, म्हणून या नोंदीत रुळलेलाच शब्द ठेवला आहे. ‘मऊ करणे’ हा शब्दप्रयोगही काहीसा फसवा आहे. बहुतेक गाड्यांचे गचके स्प्रिंग कडक असल्यामुळे बसत नाहीत. चुकीच्या सेटिंगमुळे किंवा अडकणाऱ्या भागांमुळे बसतात.

स्पोर्ट गाडी कडक असण्याचे कारण तिच्या कामात आहे. जोरात ब्रेक लावला की गाडीचे आणि स्वाराचे जवळजवळ सगळे वजन पुढच्या चाकावर येते. तेवढ्या भाराखाली पुढचा फोर्क तळाला टेकू नये, गाडी नाकावर पडल्यासारखी झुकू नये, म्हणून स्प्रिंग आणि रोध दोन्ही वाढवलेले असतात. शिवाय चाकाला वरखाली जायला जागाही कमी असते. मोठ्या स्पोर्ट गाड्यांत पुढच्या चाकाची हालचाल साधारण १२० मिमीच्या आसपास असते. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या दोन गाड्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. २०१४ साली आलेल्या केटीएम आरसी ३९० ला पुढे १२५ आणि मागे १५० मिमी हालचाल होती. त्याच घराण्यातल्या ३९० ॲडव्हेंचरला २०२० साली पुढे १७० आणि मागे १७७ मिमी मिळाली. खड्डा गिळायला जी जागा लागते, ती आरसीकडे मुळातच नाही. ती कोणत्याही पान्याने निर्माण करता येत नाही. आहे तेवढी नीट वापरता येते, इतकेच.

तेलाचा रोध असलेला टेलिस्कोपिक फोर्क १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर आणला. मागच्या दोन शॉकअपच्या जागी एकच शॉक बसवण्याची आजची पद्धत बेल्जियन अभियंता ल्यूसिएँ टिल्केन्स याच्या कल्पनेतून आली. यामाहाने ती १९७० च्या दशकात मोटोक्रॉसमध्ये उतरवली आणि ‘मोनोक्रॉस’ हे नाव दिले. आपल्याकडच्या यामाहा आर १५ च्या जाहिरातींमध्ये ते नाव अजून वाचायला मिळते.

समायोजनाच्या तीन गोष्टी असतात : प्रीलोड, कॉम्प्रेशन आणि रिबाउंड. स्वस्त गाड्यांत फक्त मागचा प्रीलोड हाती असतो, महाग गाड्यांत तिन्ही. सर्वांत जास्त गैरसमज आहेत ते प्रीलोडबद्दल. मागच्या शॉकवरची खाचांची रिंग हुकाच्या पान्याने फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते, असे बहुतेक मेकॅनिक सांगतात. हे खरे नाही. प्रीलोड म्हणजे गाडीचे वजन पडण्याआधीच स्प्रिंग किती दाबून ठेवली आहे ते माप. त्याने गाडीची उंची बदलते. स्प्रिंगचा कडकपणा आहे तसाच राहतो.

एक हिशेब पाहू. फोर्कच्या दोन स्प्रिंगांपैकी प्रत्येकीला १ मिमी दाबायला ०.९० किलो भार लागतो, म्हणजे दोन्हींना मिळून १.८ किलो. पुढच्या बाजूवर ९० किलो भार येतो असे धरले, तर स्प्रिंग ५० मिमी दबली पाहिजे. त्यातले १५ मिमी प्रीलोडने आधीच दाबलेले असतील, तर फोर्क ३५ मिमी बसेल. प्रीलोड २० मिमी केला तर ३० मिमी बसेल. आता रस्त्याच्या उंचवट्याने आणखी १८ किलो भार टाकला, तर दोन्ही वेळा फोर्क आणखी १० मिमीच दबतो, एक मिमी कमी नाही की जास्त नाही. (फोर्कचा तिरकसपणा आणि आतल्या हवेचा दाब या हिशेबात सोडले आहेत.) खरोखर मऊ व्हायचे तर स्प्रिंगच बदलावी लागते. आणि गंमत अशी की ०.८० ची मऊ स्प्रिंग घातली, तर त्याच ३५ मिमीवर गाडी ठेवायला प्रीलोड कमी नव्हे, सुमारे २१ मिमीपर्यंत वाढवावा लागतो.

मग प्रीलोड कमी केल्यावर काहींना गाडी खरेच मऊ का लागते? कारण तो आधी गरजेपेक्षा जास्त असतो. मागची सेटिंग दोघांचे ओझे धरून केलेली, आणि स्वार ५५ किलोचा, एकटा. अशा वेळी सस्पेन्शन वरच्या टोकालाच उभे राहते. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही, आणि सगळी गाडी खड्ड्यात आदळते. प्रीलोड घटवला की ती जागा मोकळी होते. उलट ९० किलोच्या स्वाराने ऐकीव सल्ल्यावरून प्रीलोड आणखी सोडला, तर गाडी खूप खाली बसते आणि प्रत्येक गतिरोधकावर तळ गाठते. मागच्या लिंकेजची, म्हणजे चाक आणि शॉक यांना जोडणाऱ्या सांध्यांची, रचना बहुधा अशी असते की चाक जितके वर चढेल तितकी स्प्रिंग अधिक जोराने विरोध करते. म्हणून खोल बसलेली गाडी मऊ न वाटता कडकच वाटते.

यावर उपाय म्हणजे अंदाज न करता सॅग मोजणे. वजन पडल्यावर सस्पेन्शन किती बसते ते माप म्हणजे सॅग. त्यासाठी मोजपट्टी आणि दोन मदतनीस पुरतात. मागचे चाक अधांतरी उचलून ॲक्सलपासून बरोबर वरच्या शेपटावरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून घ्यावे, आणि शेवटी स्वार हेल्मेट, जॅकेट, बुटांसकट बसल्यावर घ्यावे. पुढे फोर्कच्या चकचकीत नळीला प्लॅस्टिकची झिप टाय बांधली की काम सोपे होते. स्वारासकटचा सॅग रस्त्यासाठी साधारण ३० ते ४० मिमी असावा, म्हणजे एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश. नुसत्या गाडीचा मागचा सॅग ५ ते १५ मिमी पुरे. या दोन आकड्यांची तुलना फार बोलकी असते. स्वारासकट माप बरोबर आहे पण नुसती गाडी मुळीच बसत नाही, तर स्प्रिंग त्या स्वारासाठी मऊ आहे आणि प्रीलोड ओढून तिला उभे ठेवले आहे. स्वारासकट बरोबर आणि नुसती गाडी खूप बसते, तर स्प्रिंग कडक आहे. हलक्या स्वारांच्या बाबतीत बहुधा हेच निघते, आणि तेव्हाच स्प्रिंग बदलण्याचा खर्च योग्य ठरतो.

सॅग जुळल्यावर वेळ येते ती रोधाची. स्प्रिंग धक्का साठवते, तेल तो जिरवते. दबताना तेलाला होणारा अडथळा म्हणजे कॉम्प्रेशन, आणि परत उसळताना होणारा अडथळा म्हणजे रिबाउंड. आरामासाठी सगळे आधी कॉम्प्रेशनकडे धावतात. आमच्या मते पहिला हात रिबाउंडला लावावा. तो गरजेपेक्षा जास्त असेल तर एका खड्ड्यात दबलेले सस्पेन्शन दुसरा खड्डा येईपर्यंत पूर्ण उठत नाही. तिसऱ्या, चौथ्या खड्ड्याला ते आणखी खाली गेलेले असते, आणि शेवटी स्वाराला दगडावर बसल्यासारखे वाटते. खराब रस्त्यावर पहिला गचका ठीक आणि पुढचे असह्य, अशी तक्रार असेल तर दोष जवळपास नक्की इथलाच. रिबाउंड फारच कमी केला तर गाडी बोटीसारखी डुलू लागते. सीट जोराने दाबून सोडली असता ती एकदा वर येऊन शांत व्हावी, ही जुनी चाचणी आजही कामी येते.

रोध बदलण्याचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलकेच शेवटपर्यंत फिरवून किती ‘क्लिक’ झाले ते मोजावे आणि लिहून ठेवावे. जोर लावला तर आतली सुई बिघडते. नंतर मूळ जागेवर आणून दोन दोन क्लिक सोडत, दरवेळी एकच गोष्ट बदलत, त्याच ओळखीच्या रस्त्यावर फिरून यावे. महाग शॉकवर ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे वेगवेगळे कॉम्प्रेशन असते. हा वेग गाडीचा नव्हे, शॉकच्या दांड्याचा. ताशी २० किमीने जाताना लागलेली खड्ड्याची धारदार कड ‘हाय स्पीड’मध्ये मोडते, आणि ताशी १२० किमीने घेतलेले लांब वळण ‘लो स्पीड’मध्ये.

ज्यांच्या फोर्कवर एकही स्क्रू नाही त्यांच्या हाती तेल आहे. साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून ढकलले जाते. हालचालीचा वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो, म्हणून बारीक पण तीव्र धक्के थेट मनगटात पोहोचतात. पातळ तेल घातले की ते सौम्य होतात, पण कॉम्प्रेशनबरोबर रिबाउंडही घटतो. एक हवे आणि दुसरे नको, असे इथे जमत नाही. त्यावर रेस टेक या अमेरिकन कंपनीचा ‘कार्ट्रिज एम्युलेटर’ हा सुटा व्हॉल्व्ह मिळतो. तेलाच्या डब्यावरचे ५ डब्ल्यू, १० डब्ल्यू हे आकडे निरनिराळ्या कंपन्यांत जुळत नाहीत. ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोकमध्ये दिलेली चिकटी पाहावी. तेलाची पातळी हा वेगळाच विषय. तेलावरची कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते आणि ती शेवटच्या टप्प्यात जोर धरते. पातळी थोडी उतरवली की तो टप्पा मऊ होतो, चढवली की फोर्क तळाला आदळत नाही. मऊ स्प्रिंग घातल्यास पातळी किंचित वर ठेवणे शहाणपणाचे. मागच्या मोनोशॉकमध्ये मात्र नायट्रोजन मोठ्या दाबाने भरलेला असतो. तो घरी उघडू नये.

एक पैसाही खर्च न करता आराम मिळतो तो देखभालीतून, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त टाळली जाते. मागच्या लिंकेजमधल्या नीडल बेअरिंगांतले ग्रीस पावसाळ्यात धुतले जाते; कोकणातल्या गाड्यांत ती गंजून जाम झालेलीही सापडतात. जाम बेअरिंगवर कोणत्याही क्लिकचा उपयोग नाही. पुढचे चाक काढून बसवताना ॲक्सलचे पिंच बोल्ट आवळण्याआधी फोर्क चार-पाच वेळा दाबला नाही, तर त्याचे दोन पाय समांतर राहत नाहीत आणि फोर्क अडकत अडकत चालतो. फोर्कचे तेल वर्षानुवर्षे न बदललेली गाडी तर ‘कडक झाली’ म्हणून विकायलाही काढली जाते. टायरमधली हवा थंड टायरवर, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवावी. आरामासाठी ती त्याखाली उतरवली की खड्ड्याच्या कडेवर रिम वाकण्याची भीती असते.

मऊपणाला मर्यादा आहेत. पुढची बाजू फार बसू लागली तर ब्रेक लावताच हँडलचा कोन उभट होतो आणि सरळ रेषेतले स्थैर्य घटते. मागची बाजू फार बसली तर वळण घेताना गाडी रुंद जाते आणि सायलेन्सर टेकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किमीने ओलांडता येईल असा. गल्लीबोळात हातभर रुंदीचे जे उंचवटे रातोरात उगवतात त्यांच्यासाठी कोणतीही सेटिंग नाही. तिथे वेग कमी करणे आणि सीटवरून किंचित उठणे हेच सस्पेन्शन. क्लिपऑन हँडलमुळे मनगटावर येणारा भारही शॉकच्या सेटिंगने हटत नाही.

मूळ रिंग आणि स्क्रू फिरवणे हा गाडीतला बदल धरला जात नाही. मात्र निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची मनाई आहे. मागची उंची बदलली की साखळीचा ढिलेपणा आणि हेडलाइटचा झोत दोन्ही बदलतात. मागची बाजू खाली बसली तर झोत वर उठून समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, म्हणून सॅग बसवल्यावर ही दोन्ही मापे पुन्हा घ्यावीत.