एकट्याचे अठ्ठेचाळीस तास

१९१४च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात हायरम पर्सी मॅक्सिम यांना आपल्या रेडिओसाठी एक व्हॉल्व्ह हवा होता. हे मॅक्सिम म्हणजे मशिनगन शोधणाऱ्या मॅक्सिमचे चिरंजीव. बापाने बंदुकीचा धडधडाट वाढवला आणि मुलाने तिचा आवाज दाबणारा सायलेन्सर काढला. व्हॉल्व्ह स्प्रिंगफील्डला मिळणार होता, जेमतेम चाळीस किलोमीटरवर. पण मॅक्सिम यांच्या घरच्या यंत्राची धाव तेवढीही नव्हती. शेवटी वाटेवरच्या विंडसर लॉक्स गावातल्या एका हौशी रेडिओवाल्याने त्यांचा निरोप टिपला आणि पुढे धाडला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप द्यायचा, अशी साखळी देशभर का असू नये, असं मॅक्सिम यांच्या मनात आलं. त्यातून त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी राहिली.

आज जगभरचे हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, मोर्सच्या, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक भाषेच्या, स्पर्धांमध्ये दोन-दोन दिवस कानाला हेडफोन लावून एकटे बसतात. त्या खेळाचं मूळ या निरोप्यांच्या साखळीत आहे. निरोप कधीच गेले. ते पोचवण्याची शिस्त मात्र स्पर्धेच्या नियमांत अजून जिवंत आहे.

हौशी मंडळींना मिळालेली जागाही मोठी नामी होती. एप्रिल १९१२मध्ये टायटॅनिक बुडाली आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. त्यात हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरी दिल्या गेल्या. लांब लहरी कामाच्या आणि आखूड लहरी टाकाऊ, अशी तेव्हाच्या जाणकारांची समजूत होती. थोडक्यात, पोरांना अंगणाबाहेरचा उकिरडा खेळायला दिला. त्या उकिरड्यातून अटलांटिकपार जाता येतं का, हे पाहायला लीगने १९२१च्या डिसेंबरात चाचण्या ठेवल्या. ऐकण्यासाठी पॉल गॉडली नावाचा माणूस स्कॉटलंडला पाठवला. आर्ड्रोसनच्या समुद्रकाठी थंडीवाऱ्यात तंबू ठोकून, लांबच लांब तार ताणून तो रात्रभर कान देऊन बसायचा. तिथे त्याला अमेरिकेतली कितीतरी हौशी केंद्रं ऐकू आली. त्यांतल्या ग्रीनिचच्या १बीसीजी या केंद्राने तर अख्खा संदेश पार पोचवला. ते केंद्र चालवणाऱ्या सहा जणांत एडविन आर्मस्ट्राँग होते. पुढे एफएम रेडिओ आणला तो यांनीच.

नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लिओं दलोय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांच्यात दुतर्फा बोलणं झालं, साधारण ११० मीटरवर. अर्थात बोलणं म्हणजे मोर्सच. आता अंतर कापता येतं हे ठरलं होतं. कोण किती कापतो, एवढंच पाहायचं राहिलं होतं.

१९२७मध्ये लीगने आंतरराष्ट्रीय ‘रिले पार्टी’ भरवली. १९३०मध्ये ‘स्वीपस्टेक्स’ आली. ही उत्तर अमेरिकेपुरती स्पर्धा आजही नोव्हेंबरात होते आणि तिच्यातली देवाणघेवाण जरा थांबून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक संपर्कात पाच गोष्टी सांगाव्या लागतात: अनुक्रमांक, एक अक्षर, स्वतःचं सांकेतिक नाव, दोन आकडे आणि आपला विभाग. नव्या माणसाला हा क्रम काहीच्या बाही वाटतो. पण जुन्या तारेचा मथळा डोळ्यांसमोर आणला की उलगडा होतो. तारेलाही क्रमांक असे, तातडीची खूण असे, पाठवणाऱ्या केंद्राचं नाव असे, शब्दांची मोजणी असे आणि गावाचं नाव असे. तारेचा फॉर्म भरताना पैसे वाचवायला ‘आणि’सुद्धा खोडणाऱ्या आपल्या पिढीला शब्दमोजणी समजावून सांगायला नको. स्वीपस्टेक्समध्ये त्या मोजणीच्या जागी आता आपल्याला परवाना मिळाल्याच्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे पाठवतात, आणि तातडीच्या खुणेच्या जागी आपला गट कोणता हे सांगणारं अक्षर. मथळा तसाच ठेवला, तार काढून टाकली.

जगभरची सर्वांत मोठी झुंज मात्र ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ची. हौशी रेडिओच्या सीक्यू मासिकाने ती १९४८मध्ये सुरू केली. मोर्सची फेरी नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारी, आंतरराष्ट्रीय वेळेनुसार शनिवारी शून्य वाजता सुरू होते. आपल्याकडे तेव्हा शनिवारची पहाट, साडेपाच. ती संपते सोमवारी पहाटे. मधले ४८ तास सहा पट्ट्यांवर, १६० मीटरपासून १० मीटरपर्यंत, जमतील तितके संपर्क करायचे. एकट्याच्या गटात झोपेसाठी सक्तीची सुट्टी नाही. ज्याला जितकं जागता येईल, तितकं त्याने जागावं.

गुणांचा हिशेब साधा पण कावेबाज आहे. दुसऱ्या खंडातल्या माणसाचे तीन गुण, आपल्याच खंडातल्या परक्या देशाचा सहसा एक आणि स्वदेशी माणसाचा शून्य. म्हणजे मुंबईच्या हॅमला जर्मनीचे तीन मिळतात आणि जपानचा एकच. पण जगाचे ४० विभाग पाडलेले आहेत, आणि प्रत्येक पट्टीवर नवा विभाग किंवा नवा देश मिळाला की गुणक वाढतो. एकूण गुणांना गुणकांनी गुणायचं. त्यामुळे शून्य गुणांचा शेजारीसुद्धा पहिल्यांदा भेटला की मोलाचा. भारत बाविसाव्या विभागात येतो. अंदमान मात्र म्यानमार-थायलंडबरोबर सव्विसाव्यात. युरोप-अमेरिकेतल्या स्पर्धकांना बाविसाव्या विभागातली केंद्रं क्वचित सापडतात. ‘व्हीयू’ने सुरू होणारं भारतीय नाव हवेत उमटलं, की एसटी लागताच खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांची जशी झुंबड उडते, तसे सगळे एकदम हाका मारतात. त्या कल्लोळातून एकेक नाव सोडवणं, हीच या खेळातली खरी कला. दहा जण एकाच वेळी डिट-डा, म्हणजे टिंब-रेघ, करत असताना एकाचा सूर जरा पातळ, एकाची गती जरा संथ; कान तेवढ्यावरच बोट ठेवतो.

आपल्याकडचा हॅमचा इतिहासही काही कालचा नाही. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१मध्ये परवाना घेतला. ते पहिले भारतीय हॅम मानले जातात. १९३९मध्ये युद्ध पेटताच सरकारने हौशी लोकांना यंत्रं पोलिसांत जमा करायला लावली. मुंबईच्या नरिमन प्रिंटर यांचं नाव १९४२च्या काँग्रेस रेडिओमुळे उषा मेहतांच्या गोष्टीत येतं. तो गुप्त प्रक्षेपक उभारणारे प्रिंटर हॅमच होते. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये हौशी रेडिओवाल्यांचा क्लब निघाला आणि १९५४मध्ये त्याची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. परदेशी यंत्रांवर जबर आयातशुल्क असल्याने बरीच वर्षं काम चाललं ते लष्कराच्या मोडीतल्या सामानावर आणि लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून जमवलेल्या सुट्या भागांवर. परवान्याच्या परीक्षेत मोर्स होतंच: खालच्या श्रेणीला मिनिटाला पाच शब्द आणि वरच्या श्रेणीला बारा.

स्पर्धेत बारा शब्दांनी भागत नाही. तिथे तीस-पस्तीसची गती नेहमीची, आणि एवढ्या वेगात प्रत्येक डॅश महाग पडतो. संपर्कात आधी समोरच्याचा आवाज कसा येतो त्याचे आकडे द्यायचे असतात. ही आरएसटी पद्धत १९३४ची. स्पष्टता पाचपैकी, जोर आणि सूर नऊपैकी. पण स्पर्धेत सरसकट सगळ्यांना ५९९च मिळतात. आवाज ढिम्म कळत नसला तरी आधी ‘अगदी खणखणीत’ असा दाखला द्यायचा आणि लगेच ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं! शिवाय नऊ हा आकडा मोर्समध्ये लांबलचक, चार डॅश आणि एक डिट. म्हणून त्याच्या जागी एन पाठवतात, एक डॅश आणि एक डिट. ५९९चं होतं ५एनएन. तीस शब्दांच्या गतीला डिट चाळीस मिलिसेकंदांचा असतो. त्या हिशेबाने दोन नवांमागे जवळजवळ एक सेकंद वाचतो. दोन हजार संपर्क करणाऱ्याची या एका काटछाटीने अर्ध्या तासाहून जास्त बचत होते. स्पर्धेत अर्धा तास म्हणजे फार मोठी कमाई.

हातांनी हार खाल्ली ती मात्र केव्हाच. तारमास्तरांची मनगटं साध्या चावीवर दिवसभर ठोकून निकामी व्हायची; अमेरिकेत त्या दुखण्याला ‘काचेचा हात’ म्हणत. त्यावर उपाय म्हणून होरेस मार्टिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हायब्रोप्लेक्स ही आडवी चालणारी चावी काढली. तिच्यात डिट आपोआप पडत. मग इलेक्ट्रॉनिक कीयर आले आणि आता संगणकाचं एक बटण दाबलं की अख्खी हाक हवेत जाते. पाठवणं यंत्राकडे गेलं. ऐकणं मात्र माणसाकडेच ठेवायचं, असा स्पर्धेचा हट्ट आहे. नुसत्या ऐकण्याच्या गतीचा विक्रम पाहायचा तर टेड मॅकेलरॉय यांचा पाहावा. २ जुलै १९३९ रोजी अ‍ॅशव्हिलला त्यांनी मिनिटाला ७५.२ शब्द टिपले होते, टाइपरायटरवर.

या हट्टातूनच खेळातला सगळ्यात मोठा वाद निघाला: एकटा म्हणजे नेमका किती एकटा? जुन्या काळी प्रश्नच नव्हता. कागदावर नोंद आणि शेजारी दुसरी यादी, तोच माणूस पुन्हा नोंदला जाऊ नये म्हणून. १९८०च्या दशकात नोंदीचं काम संगणकाकडे गेलं, त्यावर कोणी फारशी कुरकुर केली नाही. पण त्याच सुमारास पॅकेट क्लस्टर आले. म्हणजे कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर सापडला हे हॅम एकमेकांना पडद्यावर कळवू लागले. शोधायचं काम दुसऱ्याने केलं, मग हा एकटा कसा? म्हणून दशकाच्या अखेरीस ‘मदत घेणाऱ्या एकट्यां’चा वेगळा गट झाला. नाव विचित्र, पण प्रामाणिक. २००८च्या सुमारास सीडब्ल्यू स्किमर हे सॉफ्टवेअर आलं. ते एकाच वेळी पट्टीवरचे शेकडो संदेश वाचतं. मदत न घेणाऱ्या एकट्यांना त्याची मनाई झाली ती याच न्यायाने. उलट एका डोक्यावर दोन रेडिओ चालवायला, एका कानात एक आणि दुसऱ्यात दुसरा, एकावर हाक मारत असतानाच दुसऱ्यावर नवा शोधायला, पूर्ण मुभा. दोन रेडिओ असले तरी डोकं एकच.

जागेचा अन्याय मात्र कोणत्याच नियमाला मिटवता आलेला नाही. जगातले मोठे विक्रम कॅनरी, मदेरा, अरुबा, मोरोक्को अशा ठिकाणांहून होतात, आणि युरोप-अमेरिकेतले खेळाडू खास विमानाने तिथे जातात. कॅनरी बेटं राजकीयदृष्ट्या स्पेनची, पण स्पर्धेत आफ्रिकेची. म्हणजे युरोपच्या ढीगभर गर्दीतला प्रत्येक संपर्क तीन गुणांचा, आणि समोर समुद्रापलीकडे अमेरिका. मुंबईहून युरोप बरा लागतो, पण अमेरिकेकडची लहर ध्रुवावरून जाते आणि तिथे ध्रुवीय प्रकाश तिला चिरडून टाकतो. २०१४च्या न्यू इंग्लंडमधल्या जागतिक संघ स्पर्धेत या अन्यायाचा काटा काढायचा प्रयत्न झाला. सगळ्यांना सारखेच अँटेना आणि १०० वॅटची मर्यादा. पण तिथे दोघादोघांचे संघ असतात. एकट्याला ती सोय नाही.

२००३मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने परवान्यासाठी मोर्सची सक्ती काढून टाकली. २००७मध्ये अमेरिकेनेही काढली. १४ जुलै २०१३च्या रात्री भारतातली सार्वजनिक तारसेवा बंद झाली. सीक्यू वर्ल्डवाइडच्या मोर्स फेरीत मात्र आजही हजारो स्पर्धक आपल्या नोंदी पाठवतात, आणि त्याही स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत. मग संगणक त्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहतो. एखादं नाव चुकीचं टिपलं असेल तर तो संपर्क जातोच, वर त्याच्या दुप्पट गुण कापले जातात. वरच्या क्रमांकासाठी झुंजणाऱ्यांना हल्ली आपण हेडफोनमध्ये जे ऐकलं त्याचं ध्वनिमुद्रणही ठेवावं लागतं. शंका आली की पंच ते मागवतात आणि तो दुसऱ्या रात्रीचा गोंगाट पुन्हा ऐकतात, हे नाव याने खरंच हवेतून ऐकलं की पडद्यावर वाचलं, एवढं ठरवण्यासाठी.