हरभरे, नांगर आणि कोलंबस

शाळेच्या पुस्तकातला कोलंबस फक्त जातो. १४९२ साली तो स्पेनहून निघतो, खलाशी कुरकुरतात, किनारा दिसतो, निशाण रोवले जाते आणि धडा संपून खालचे प्रश्न सुरू होतात. हा गृहस्थ घरी परत कसा आला, हे मास्तरही सांगत नाहीत. मला मात्र त्याच्या जाण्यापेक्षा येण्यातच जास्त गंमत वाटते. जाताना त्याने नवे जग शोधले. येताना त्याला शोधायची होती फक्त नांगर टाकण्यापुरती जागा, आणि तीच काही धड मिळेना!

साल १४९३, महिना फेब्रुवारी. 'सांता मारिया' हे मोठे जहाज नाताळच्या रात्रीच तिकडे किनाऱ्याला लागून फुटले होते. 'पिंटा' वादळात दिसेनाशी झाली. उरली इवलीशी 'नीन्या'. खाणेपिणे संपत आल्यामुळे ती इतकी हलकी झाली होती, की रिकाम्या पिंपांत समुद्राचे पाणी भरून तिला जड करावे लागले. १४ तारखेला मंडळींनी देवाला नवस बोलायचे ठरवले. जितकी माणसे तितके हरभरे टोपीत टाकले, एकावर सुरीने क्रूस कोरला. तो ज्याच्या हाती येईल त्याने यात्रेला जायचे. तीनदा हात घातले, त्यांत दोनदा तो दाणा कोलंबसालाच! हरभऱ्याच्या झाडावर चढलेले पुढारी आपण पुष्कळ पाहतो. हरभऱ्याने पायी यात्रेला धाडलेला हा एकच. शिवाय सगळ्यांनी मिळून नवस केला, की पहिली जमीन लागेल तिथे नुसत्या सदऱ्यानिशी मेरीमातेच्या देवळात जायचे.

जमीन लागली ती अझोर्समधल्या एका बेटाची. त्याचे नावही सांता मारिया! पण जमीन दिसणे वेगळे आणि तिथे थांबता येणे वेगळे. ही बेटे म्हणजे समुद्रातून वर आलेले ज्वालामुखी. किनारा कड्यासारखा, पाणी एकदम खोल, तळाला खडक. त्यात हिवाळ्यात एकामागून एक वादळे येतात आणि प्रत्येक वादळाबरोबर वारा दिशा बदलतो. सकाळी ज्या कड्याचा आडोसा घ्यावा, संध्याकाळी त्याच कड्यावर जहाज आपटायची पाळी. पहिल्याच रात्री कोलंबसाचा एक नांगर गेला. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या अंगाला त्याने कसाबसा दुसरा टाकला.

गावकऱ्यांनी कोंबड्या नि ताजी भाकरी पाठवली. निम्मे खलाशी सदऱ्यानिशी नवस फेडायला गेले, आणि बेटावरच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना प्रार्थनेतच धरले! इकडे कोलंबस जहाजावर, तिकडे माणसे कैदेत, आणि तेवढ्यात वाऱ्याने नांगराचे दोर तुटले. आता आली का पंचाईत! माणसांसाठी थांबावे तर जहाज जाते, जहाज वाचवावे तर माणसे मागे राहतात. अशा हवेत या बेटांवर एकही चांगले बंदर नाही, असे त्याच्या रोजनिशीत लिहिले आहे. तो शेजारच्या साओ मिगेलकडे निघाला. जहाजावर समुद्राची खरी जाण असलेले खलाशी उरले होते तीन. ते बेट काही दिसेना, तेव्हा तो पुन्हा सांता मारियाला आला. अखेर कागदपत्रे तपासून पोर्तुगिजांनी माणसे सोडली.

आता कोणीही म्हणेल, बाबा रे, दोन दिवस टेक. जहाजाला लाकूडफाटा हवाच होता. पण २४ फेब्रुवारीला वारा नैर्ऋत्येचा झाला. हा वारा इथे नांगरलेल्या जहाजाचा काळ, हे ओळखून त्याने सरळ शिडे उभारली. पुढे आणखी एक वादळ खाऊन तो ४ मार्चला लिस्बनला पोहोचला. नव्या जगाची बातमी जगाला कळली ती त्या दिवशी वेळेवर उठल्यामुळे.

आज अझोर्समध्ये लाटा अडवणारे धक्के आहेत, ओर्ता गावी १९८६पासून शिडाच्या होड्यांसाठी बांधीव गोदी आहे, हवामानाचा अंदाज खिशात असतो. तरी शहाणे लोक हिवाळ्यात आणखी दक्षिणेला, कॅनरी बेटांकडे राहतात. उघड्या खाडीत थांबायची वेळ आलीच, तर वारा फिरल्यावर बाहेर कसे पडायचे हे आधी पाहून मग नांगर टाकतात. पाहुणचाराला जाताना मीही हल्ली शेवटच्या गाडीची वेळ विचारून घेतो. यजमानांना राग येतो. पण त्यांनी कोलंबसाचा धडा अर्धाच वाचलेला असतो.