रोटेटर कफची इजा

खांद्याच्या सांध्याला वेढणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा झिजणे, सुजणे, अंशतः किंवा आरपार फाटणे. या चार कंडरा मिळून दंडाच्या हाडाच्या माथ्यावर जो पट्टा तयार होतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. चाळिशीनंतरच्या खांदेदुखीचे हे एक प्रमुख कारण आहे. वेल्डर, रंगारी, गवंडी, हमाल, तसेच गोलंदाज आणि पोहणारे यांच्यात ही इजा विशेष आढळते.

रचना : दंडाच्या हाडाचा माथा मोठा व गोल, तर त्याला सामावणारी खवाट्याची खोबण लहान आणि उथळ असते, बशीत मोसंबी ठेवावी तसा हा सांधा आहे. त्यामुळे हात सर्व दिशांनी फिरतो, पण माथा जागेवर राखण्याचे काम बरेचसे कंडरांवर पडते. सुप्रास्पायनेटस हात बाजूने उचलायला मदत करतो. इन्फ्रास्पायनेटस व टेरेस मायनर हात बाहेर वळवतात, तर सबस्कॅप्युलरिस आत वळवतो. चौघे मिळून माथा खोबणीत दाबून धरतात. सुप्रास्पायनेटसची कंडरा खांद्याच्या टोकाच्या हाडाच्या (अ‍ॅक्रोमियन) खालच्या अरुंद जागेतून जाते आणि सर्वांत जास्त फाटते ती हीच.

कारणे : तरुण वयात कंडरा सहसा जोराच्या आघाताशिवाय फाटत नाही. वय वाढते तसा तिचा रक्तपुरवठा आणि तंतूंची मांडणी बिघडत जाते. मग घसरून हातावर पडणे, जड पोते झटक्याने उचलणे एवढेही पुरते. चाळिशीनंतर खांदा निखळला, तर तो बसवल्यावरही कंडरा शाबूत आहे ना, हे पाहावेच लागते. धूम्रपान व मधुमेह यांमुळे झीज वाढते आणि भरून येणे मंदावते.

हात खांद्याच्या वर ठेवून तासन्‌तास काम करणे हे कारण उद्योगनगरीत महत्त्वाचे ठरते. स्वीडनमधील जहाजबांधणी कारखान्यांत १९७०–८०च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत वेल्डरांमध्ये सुप्रास्पायनेटसच्या कंडरेचा त्रास कार्यालयीन कर्मचाऱ्यांपेक्षा पुष्कळच जास्त आढळला. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई ही अशीच उद्योगनगरी, सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याभोवती वाढलेली. डोक्यावरच्या पाइपला वेल्डिंग करणे, भट्टीचे अस्तर बदलणे, उंचावरचे नट आवळणे ही पोलाद उद्योगातली नित्याची कामे नेमकी याच कंडरेवर ताण आणतात.

लक्षणे : दुखणे खांद्याच्या बाहेरच्या बाजूला असते आणि दंडापर्यंत उतरते. त्या कुशीवर झोपता येत नाही. रात्रीच्या ठणक्याने झोपमोड होते. वरच्या फळीवरचा डबा काढणे, केस विंचरणे, मागच्या खिशातून पाकीट काढणे जड जाते. मोठ्या फाटीत हात दुखण्यापेक्षा दुबळा झालेला अधिक जाणवतो.

निदान : निदानाचा पाया रुग्णाची हकीकत आणि हाताने केलेली तपासणी हाच आहे. हात बाजूने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखणे हे कंडरेच्या त्रासाचे सूचक मानतात. सुप्रास्पायनेटससाठी अंगठे जमिनीकडे वळवून हात पुढे-बाजूला धरायला सांगतात आणि डॉक्टर वरून दाब देतात. सबस्कॅप्युलरिससाठी तळहात पोटावर दाबून कोपर पुढे ठेवायला लावतात. कंडरा फाटली असेल तर कोपर मागे सरकते आणि रुग्ण मनगट वाकवून जोर काढू पाहतो. उघड्या पाठीकडे पाहिले असता खवाट्यावरचा खळगा दिसला, तर स्नायू वाळू लागला आहे असे समजावे.

खांदा आखडणे हा वेगळा विकार आहे. त्यात रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाहीच, पण डॉक्टरांनाही तो फिरवता येत नाही. कंडरा फाटलेली असताना दुसऱ्याने उचललेला हात बहुधा वर जातो, मात्र रुग्णाला तो तिथे पेलवत नाही. मानेच्या मणक्यातून येणारी कळ कोपराखाली, बोटांपर्यंत जाते. असा फरक न करता सरसकट मालिश किंवा व्यायाम करण्यात वेळ वाया जातो.

क्ष-किरण चित्रात कंडरा दिसत नाही. पण माथा वर सरकून अ‍ॅक्रोमियनशी असलेले अंतर ७ मिमी.हून कमी झाले असेल, तर मोठ्या फाटीची शंका येते. सोनोग्राफी स्वस्त असते आणि हात हलवत असतानाच कंडरा पाहता येते. मात्र तिचा भरवसा करणाऱ्याच्या सरावावर असतो. एमआरआयमध्ये फाटीची लांबी-रुंदी, कंडरा किती मागे ओढली गेली आणि स्नायूत किती चरबी शिरली, हे कळते. १ सेंमी.पेक्षा कमी फाट लहान, १ ते ३ मध्यम, ३ ते ५ मोठी व ५ सेंमी.पुढे अतिमोठी अशी वर्गवारी रूढ आहे.

अहवालात फाट दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे मात्र नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांपैकी साठीपुढील निम्म्याहून अधिक लोकांत अंशतः किंवा पूर्ण फाट होती. म्हणून उपचार ठरवताना चित्र आणि तपासणी यांचा मेळ बसावा लागतो.

शस्त्रक्रियेविना उपचार : झीज आणि अंशतः फाट यांत प्रथम काम बदलणे, वेदनाशामके आणि फिजिओथेरपी यांवर भर असतो. उरलेल्या स्नायूंना व खवाट्याला आधार देणाऱ्या स्नायूंना बळ आणण्यासाठी सहा ते बारा आठवडे नियमित व्यायाम लागतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही काळ आराम पडतो, पण ते वारंवार घेतल्यास कंडरा कमकुवत होते.

शस्त्रक्रिया : आघाताने ताजी, आरपार फाटलेली कंडरा लवकर शिवणे हिताचे असते, उशीर झाल्यास ती मागे आखडते आणि स्नायूत शिरलेली चरबी पुन्हा निघत नाही. झिजेच्या फाटीत व्यायामाने गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आता ती बहुधा दुर्बिणीतून करतात. पूर्ण भूल आणि मानेच्या बाजूने मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन दिल्यावर लहान छिद्रांतून दुर्बीण व अवजारे आत घालतात. सलाइनच्या दाबाने जागा फुगवली जाते. फाटलेली कड साफ करून कंडरा आसपासच्या चिकटीतून मोकळी करतात आणि ती ताणाविना मूळ जागी पोहोचते का, हे चिमट्याने ओढून पाहतात. हाडाचा पृष्ठभाग खरवडून त्यात धागे जोडलेले छोटे खिळे (सुचर अँकर) बसवतात. धागे कंडरेतून ओवून गाठी मारल्या की ती हाडावर टेकते. मोठ्या फाटीत अँकरच्या दोन रांगा लावतात.

अ‍ॅक्रोमियनचे हाड नुसते तासण्याची पद्धत १९७२ पासून फार लोकप्रिय झाली होती. परंतु ब्रिटनमधील २०१८च्या चाचणीत कंडरा पूर्ण न फाटलेल्या रुग्णांना, केवळ दुर्बीण घालून पाहण्याच्या तुलनेत, तिचा म्हणावा तसा जादा लाभ दिसला नाही. न शिवता येणाऱ्या जुन्या फाटीत, सांधाही झिजला असेल, तर गोळा व खोबण यांची अदलाबदल केलेला ‘रिव्हर्स’ कृत्रिम सांधा बसवतात. त्याची आधुनिक रचना फ्रान्सचे पॉल ग्रामाँ यांनी १९८०च्या दशकात केली.

इतिहास : शवविच्छेदनात आढळलेल्या फाटींचे वर्णन जे. जी. स्मिथ यांनी १८३४ मध्ये लंडनला केले. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी कंडरा शिवल्याचा वृत्तान्त १९११ मध्ये आणि खांद्यावरचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध केला.

पुनर्वसन : टाके कंडरेला हाडाशी फक्त धरून ठेवतात, जोड शरीराने घडवायचा असतो आणि त्याला महिने लागतात. चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो, बोटे व कोपर मात्र हलवायचे असतात. नंतर स्वतःहून हालचाल आणि साधारण बारा आठवड्यांनंतर वजनाचे व्यायाम सुरू होतात. खांदा आखडणे, जंतुसंसर्ग आणि शिवलेली कंडरा पुन्हा सुटणे हे धोके असतात. उतारवय, मोठी फाट, धूम्रपान आणि चरबी शिरलेला स्नायू असल्यास पुन्हा सुटण्याची शक्यता वाढते.

सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद १४१ धावा केल्या. बत्तीस वर्षांच्या खेळाडूचे हे वेळापत्रक पंचावन्नच्या फिटरला लागू पडत नाही.

भिलाईतील सोय : पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र शहराच्या सेक्टर ९ मध्ये आहे आणि सेक्टर ९ याच नावाने ओळखले जाते. जवळच्या रायपूरला २०१२ पासून एम्स आहे. मुंबई–हावडा लोहमार्गामुळे नागपूरही गाठता येते. रुग्णालय लांबचे निवडताना पुढच्या फिजिओथेरपीची सोय घराजवळ असणे गरजेचे असते, कारण ती आठवड्यातून अनेकदा लागते. टेबलावरचे काम झोळी निघाल्यावर सुरू करता येते; उंचावरच्या व वजनाच्या कामासाठी सहसा सहा महिने किंवा त्याहून अधिक थांबावे लागते. रजा आणि बदली काम यांची तजवीज शस्त्रक्रियेपूर्वीच करावी.